आत ढकललेला कोपरा

सोमवार, ७ जुलै २०२५

ही वही म्हणजे माझी कॉलेजची जर्नल. पहिली अकरा पानं फाडून टाकली, बाकी सगळी कोरी आहे. एका बाजूला रेघा, समोरचं पान आकृतीसाठी पांढरं. दोन वर्षांपूर्वी सबमिशनच्या दिवशी सरांनी माझी शीट सगळ्यांसमोर फाडली आणि मी त्यांचं हजेरीचं रजिस्टर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. माफीचं पत्र दिलं असतं तर मिटलं असतं, असं सगळे म्हणतात. मी दिलं नाही, परत गेलोही नाही. आई बिल्डिंगमध्ये अजून सांगते की सिद्धेशचा प्रोजेक्ट चालू आहे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मी मोबाइलमध्ये डोकं घालतो.

तेव्हापासून बाळामामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. कांदिवलीला, शाळेच्या गेटसमोर.

आज वही उघडायचं कारण असं, की दुपारी रेवती आली. समोरच्या सोसायटीतली. आधी नुसती बघून माहीत होती. एम.एड. करते, आणि या शाळेत नववी ब ला भूमिती शिकवून त्यावर प्रबंध लिहायचाय. एका कागदाच्या चाळीस प्रती काढायला दिल्या. त्यातला चौरस जरा कलंडलेला होता, कोपरा काटकोनाचा नव्हता. मी न विचारता पट्टी घेऊन नवीन काढला. तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "तुला नजर आहे रे. काय शिकतोस?"

मी म्हटलं, इंजिनीअरिंग. सोडलं, हे म्हटलं नाही.

तिला वर्गात सामान वाटायला आणि मुलं काय बोलतात ते टिपून घ्यायला माणूस हवाय. आठवड्यातून तीन तास. बाळामामा म्हणाला, जा, दुपारी गिऱ्हाईक कुठे असतं. दहावीत भूमितीत मला चाळीसपैकी अडतीस होते. तेही मी तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

गुरुवार, १० जुलै

आज पूर्वचाचणी. वर्गात एकतीस पोरं. पहिला प्रश्न, एका कोपऱ्यावर उभा केलेला चौरस, हे काय आहे? सव्वीस जणांनी लिहिलं, शंकरपाळी. मला हसू आवरेना. ती हसली नाही. किरण नावाच्या एका बडबड्या पोराचा कागद तिने फिरवला आणि विचारलं, आता काय आहे? तो म्हणाला, आता चौरस. कागद पुन्हा होता तसा केला. तो म्हणाला, आता परत शंकरपाळी.

बाहेर आल्यावर तिने समजावलं. मुलं आधी आकार चेहऱ्यासारखा ओळखतात. मग त्याचे गुण कळतात, बाजू सारख्या, कोन सारखे. मग एका गुणातून दुसरा निघतो हे कळतं. आणि सगळ्यात शेवटी सिद्धता. आपण पोरं पहिल्या पायरीवर उभी असताना चौथीवरचं बोलतो, म्हणून ती पाठ करतात. ही पद्धत एका डच जोडप्याने काढली म्हणे. नवरा-बायको दोघंही शिक्षक.

ते नवरा-बायको होते हे मी दोनदा विचारून घेतलं.

शनिवार, १९ जुलै

धड्याला पाच टप्पे आहेत. आधी विचारायचं. मग हाताने करू द्यायचं. मग मुलांनी त्यांच्या शब्दांत बोलायचं. मग मोकळं सोडायचं. शेवटी सगळं गोळा करायचं. तिचा एकच नियम कडक आहे: मुलाच्या तोंडून निघेपर्यंत आपण नाव घ्यायचं नाही. माझ्याने होत नाही. पोरगं अडखळलं की माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडतं. आज तीन वेळा पडलं. ती रागावली नाही. नुसती बघते, आणि त्यापेक्षा रागावलेलं परवडलं.

वर्गातली सगळी तिला रेवतीताई म्हणतात. शिपाईही ताई म्हणतो. माझ्यापेक्षा ती तीन वर्षांनी मोठी आहे, म्हणजे मीही तेच म्हणायला हवं. मी काहीच म्हणत नाही. बारा दिवसांत एकदाही हाक न मारता काम भागवलंय. लांब असेल तर जवळ जाऊन उभा राहतो.

तिला निहार नावाच्या कुणाचे सारखे फोन येतात. आकडेवारी तो करून देणार आहे, त्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे. त्याच्याशी बोलताना ती खिडकीपाशी जाते. रेंज नसते वर्गात.

शुक्रवार, १ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

ती आज गाइडकडे गेली होती, माधुरी मॅडमकडे. तास माझ्यावर सोपवला. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, चारही वेगळ्या लांबीच्या, टोकांना टिचबटणं लावून चौकोन केलेला. पट्टीच्या मधोमध भोक आणि चारही भोकांतून ओवलेलं एक रबर. पट्ट्या कशाही हलवल्या तरी आतल्या रबराचा समांतरभुज चौकोन होतो. हे पोरांनी शोधायचं होतं. मी नुसतं विचारायचं होतं, काय दिसतं?

दहा-बारा मिनिटं झकास चाललं. मग तिसऱ्या बाकावरच्या जान्हवीने एक कोपरा आत ढकलला. चौकोनाचा बाणासारखा आकार झाला. म्हणाली, "सर, असा केला तरी रबर तसंच राहतंय."

मी म्हटलं, तो चौकोन नाही, नीट धर.

"चार बाजू आहेत की."

पोरं हसली. मला वाटलं मला हसली. डोकं फिरलं. पट्ट्या तिच्या हातातून ओढून घेतल्या, एक बटण तुटून बाकाखाली गेलं. म्हटलं, असला चौकोन पुस्तकात कुठे आहे ते दाखव, नाहीतर बाहेर उभी राहा. तिने खरंच पुस्तक काढलं. चौकोनाचं पूर्ण प्रकरण एकेक पान उलटून बघितलं, मिटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तास संपेपर्यंत. रडली नाही. बाकाखालचं बटण मात्र जाता जाता उचलून घेतलं.

निरीक्षणाच्या वहीत मी लिहिलं: विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला.

माझी शीट फाडली तेव्हा मी निदान रजिस्टर तरी फेकलं होतं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

जान्हवीने आज रेवतीकडून ते तुटलेलं साधन मागून घेतलं, दुरुस्त करते म्हणाली. काय झालं होतं ते काही बोलली नाही. मीही नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सराव चाचणी घेतली. निकाल बेकार. नववी अ ला शाळेचे सर नेहमीसारखं फळ्यावरून शिकवतात, त्यांच्यात आणि आपल्यात फारसा फरक नाही. ती दुकानात येऊन स्टुलावर बसली. मग म्हणाली की माधुरी मॅडमच्या मते फरक नाही आला तर तोही निष्कर्षच आहे, तसाच लिहायचा. हे बोलून तिने जो उसासा सोडला तो मला नीट ऐकू आला. मॅडमना काय जातंय बोलायला. दीड वर्ष हिचं गेलंय.

उठताना तिने एक बंद लिफाफा दिला. अंतिम चाचणी. पस्तीस प्रती काढून ठेव म्हणाली, आठ सप्टेंबरला घेऊ, गणपती झाल्यावर. सीलवर सहीसुद्धा केली नव्हती. माझ्यावर विश्वास होता, म्हणून.

सोमवार, २५ ऑगस्ट

वर्ग अर्धा रिकामा झाला. कोकणातली पोरं गावाला निघाली, आज चौदा जण गेले. जान्हवीही गेली, देवगडकडे कुठेतरी. आमच्याकडेही बॅगा भरून तयार. मी जात नाही म्हटल्यावर आई भांडी तशीच टाकून समोर येऊन बसली. "गावाक काय सांगू मी? आरतीक झील खंय म्हणान इचारतीत." मी म्हटलं, मुलगा कुठे विचारलं तर सांग, प्रोजेक्ट आहे. बाबा म्हणाले, "तोच ना, जो लिफ्टमध्ये चालू आसता?" आणि बॅगेची चेन लावली.

घर दहा दिवस माझं एकट्याचं आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट

जे इथे राहिले ते सतराजण काल आणि आज आमच्या घरी आले. वडापाव दिले. लिफाफा मी मशिनवर उघडला होता. प्रती काढायला तो उघडावाच लागतो, मी तो चोरून उघडला असं नाही. शेवटचा प्रश्न सहा गुणांचा: कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडल्यास कोणता चौकोन मिळतो? का? आकृती तुम्हीच काढा.

मी फळा म्हणून आईचा कपाटाचा आरसा वापरला, स्केचपेनने. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. कर्ण AC काढला. मध्यबिंदूच्या प्रमेयानुसार वगैरे वगैरे. शेवटी, "म्हणून निःसंशय PQRS समांतरभुज आहे." दहावीला आमचे क्लासचे सर असंच लिहायला लावायचे, म्हणायचे तपासणाऱ्यावर छाप पडते. प्रत्येकाकडून पाच पाच वेळा लिहून घेतलं, मग वही मिटून म्हणून घेतलं. किरणने विचारलं, सर, पट्ट्या नाहीत आज? मी म्हटलं, पट्ट्यांनी मार्क मिळत नाहीत.

पोरांना सांगितलं, रेवतीताईंना बोलायचं नाही, सरप्राइज आहे. पहिल्यांदा तोंडातून ताई गेलं, तेही असल्या वाक्यात.

आरसा दोनदा पुसला तरी AC दिसतोय.

सोमवार, ८ सप्टेंबर

चाचणी झाली. सगळी हजर. गावाहून आलेली पोरं उन्हाने काळवंडलेली, खिशात अजून खोबऱ्याचे तुकडे. सतराजण शेवटच्या प्रश्नावर आल्यावर एकाच वेळी मान खाली घालून लिहू लागले. ती खिडकीपाशी उभी होती. तिला ते दिसलं का माहीत नाही. मला वाटतं दिसलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पेपर निम्मे तिने तपासले, निम्मे मी. तिच्या हातात पहिले तीन आले आणि ती थांबली. "यांना 'निःसंशय' कुणी शिकवलं रे?" मी म्हटलं, कुठल्यातरी गाइडमध्ये असेल. ती बरं म्हणाली आणि पुढचा घेतला.

जान्हवीचा माझ्या गठ्ठ्यात आला. बाईसाहेबांनी पुन्हा तोच बाण काढला होता. आणि त्याचा कर्ण आकृतीच्या बाहेर, तुटक रेघेने. माझी सटकली. म्हणजे मुद्दाम, मला चिडवायला. लाल पेनाने लिहिलं: चौकोन चूक. कर्ण बाहेर कसा? सहापैकी शून्य. खाली तिने काय लिहिलंय ते वाचलं नाही. शंका आली तर दोघांनी मिळून बघायचं असं ठरलं होतं. मला शंका आली नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

निकाल जबरदस्त. निहारने फोनवर सांगितलं की फरक एवढा आहे की दोनदा मोजला. ती पेढे घेऊन दुकानात आली. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, ते मोबाइलवर वाचून दाखवलं. आईवडील, माधुरी मॅडम, मुख्याध्यापक मार्तंड सर, आणि मग, "सुट्टीच्या काळातही विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवणारे सिद्धेश." तिला एवढंच कळलंय की मी सुट्टीत पोरांना भेटलो. किरण बोलून गेला म्हणे, सरांनी वडापाव दिले.

तिने विचारलं, काय केलंत रे तेव्हा? मी म्हटलं, असंच, उजळणी. ती माझ्याकडे बघत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. माझ्याबद्दल. बोलली नाही. पेढ्याचा पुडा तिथेच विसरून गेली.

मार्तंड सरांनी याच गुणांवरून दहा जणांची यादी काढायचं ठरवलंय. शनिवारचा जादा वर्ग, दहावीपर्यंत, बाहेरून चांगले शिक्षक येणार, फी नाही. उद्या यादी लागेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

लागली. दहाही जण माझ्या आरशासमोर बसलेले. जान्हवी एकविसावी.

गुरुवार, १८ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर जान्हवी दुकानात आली. मला वाटलं पेन घ्यायला. काउंटरपाशी उभी राहिली, मागचं गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग खाली बघत म्हणाली, "सर, तुम्ही किरणला वगैरे जे लिहून दिलं होतं, ते मला पण द्याल? मी पाठ करते."

कशाला हवंय म्हटलं.

"पुढच्या वेळी आत कोपरा नाही काढणार. पुस्तकातला काढीन."

आवाजात राग असता तर मीही चिडलो असतो, चिडणं मला जमतं. पण ती खरंच मागत होती. तिला माहीत आहे. बहुतेक सगळ्या वर्गाला माहीत आहे. आणि तिने त्यातून एवढंच घेतलं की आपलं चुकलं.

नाहीये माझ्याकडे, म्हटलं. खोटं. मला ते तोंडपाठ आहे, आणि आईच्या आरशावर AC अजून दिसतोय.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जान्हवीचा पेपर शाळेतल्या गठ्ठ्यातून घरी आणून वाचला. खाली लिहिलंय:

"ही रेघ चौकोनाच्या आत नाही पण त्याने काही होत नाही. ती मोठ्या त्रिकोणाची बाजू आहे आणि लहान त्रिकोणाची पण तीच बाजू आहे. वरचं रबर तिच्या अर्धं आणि तिच्याच दिशेला. खालचं रबर पण तिच्या अर्धं आणि तिच्याच दिशेला. म्हणून ती दोन एकमेकांसारखी आहेत. गावाला करून बघितलं तेव्हा पण असंच झालं."

तीनदा वाचलं. कुठे चूक आहे ते शोधत होतो. या वहीच्या पांढऱ्या पानावर बाण काढून बघितला. नाही सापडत. चूक नाहीच आहे.

आणि दुसरी गोष्ट, ती जास्त वाईट. मला ते पटलंय पण कळलेलं नाही. म्हणजे तिच्या ओळी बरोबर आहेत हे दिसतं, पण का बरोबर, हे वही मिटून मला सांगता येत नाही. आरशावर लिहिलेलंही येत नाही, नुसतं म्हणता येतं. चाळीसपैकी अडतीस. शंकरपाळी म्हणणारी पोरं निदान जे दिसलं ते बोलत होती.

शनिवार, २० सप्टेंबर

सगळं लिहितो.

दुपारी रेवतीच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. आत सोफ्यावर चष्मा लावलेला एक माणूस, पायात घरातल्या सपाता, मांडीवर लॅपटॉप. तिची आई म्हणाली, हा निहार, आमचे होणारे जावई, डिसेंबरात साखरपुडा आहे, तुझ्या आईलाही सांग हो. निहारने उठून हात मिळवला. म्हणाला, तुमच्यामुळे आकडे काय आलेत यार. चांगला माणूस आहे. त्याला वाईट म्हणायला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा वाटलं, सरळ निघावं आणि पुन्हा शाळेत पाय टाकू नये. जिना अर्धा उतरलोही. जिन्यात कळलं की आता सांगितलं तर सगळ्यांना वाटेल रागाने सांगतोय, आणि आता नाही सांगितलं तर मग मी कधीच सांगणार नाही. तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. एक बाई भाजी घेऊन वर गेली, तिला वाट दिली, आणि तिच्या मागोमाग मीही वर गेलो.

निहारसमोरच बोललो. लिफाफा, आरसा, वडापाव, सतराजण. जान्हवीला दिलेलं शून्य. एक ऑगस्टला तिला बाहेर उभं केलं तेही. कॉलेज सोडलंय, तेही. ते कुणी विचारलं नव्हतं.

रेवती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात पेपरांचा एक गठ्ठा होता, नाडीने बांधलेला. तिने तो टीपॉयवर ठेवला. मी मोजले. सतरा. तेच सतरा, आधीपासून वेगळे काढलेले.

निहारने लॅपटॉप मिटला. "तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या पेपरलाच कळलं," ती म्हणाली. "सतरा मुलं आपल्या शब्दांत बोलली तर सतरा तऱ्हेने बोलतात. दोन्ही गठ्ठ्यांतून नुसतं 'निःसंशय' बघून काढले, बांधून ठेवले आणि परत बघितले नाहीत. मला बघायचे नव्हते." मग माझ्याकडे वळून, "पेढे वाटले रे मी."

माझ्यामुळे तिचं नुकसान झालं हे मला माहीत होतं. माझ्यामुळे तिलाही लाज वाटावी असं काही झालंय, हे डोक्यात आलंच नव्हतं. तिच्यासाठी म्हणून केलं होतं सगळं. तिने मागितलं नव्हतं. एकदाही.

मी म्हटलं, "रेवतीताई, माझं चुकलं."

ती म्हणाली, जान्हवीचा पेपर दे. मी खिशातून काढून दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला, शेवटच्या ओळीपाशी बोट ठेवलं, आणि खाली बसली. एकतिसांत एकच मूल वरच्या पायरीवर सरकलं होतं आणि तो पेपर तिने बघितलाच नव्हता. हे ती मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. निघताना म्हणाली, सोमवारपासून वर्गात येऊ नकोस. मी हो म्हटलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मार्तंड सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, लेखी दे. तेवढंच.

दुकानात येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर कारणं लिहिली होती, तो फाडला. दुसऱ्यावर रेवतीताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं असं लिहिलं. मग आठवलं की तेही खरं नाही, आणि ते सांगायचं की नाही हे त्यांचं त्या ठरवतील. तिसऱ्यावर फक्त मी काय केलं ते. सात ओळी. बाळामामा पाठीमागून वाचत होता. म्हणाला, "हे दोन वर्षांपूर्वी जमलं असतं तर माझ्या मशिनीवर बसला नसतास." आणि एक झेरॉक्स काढून दिली, म्हणाला, जपून ठेव.

गुरुवार, २५ सप्टेंबर

लागलेली यादी काढून टाकली. पुढच्या आठवड्यात नवीन चाचणी, प्रश्न रेवतीताई शाळेत बसून हाताने लिहिणार आहेत. प्रबंध आता चौदाच मुलांवर, बाकीचं काय झालं ते 'मर्यादा' या भागात. त्यांची तारीख दिवाळीच्या पुढे गेली. हे सगळं किरणने सांगितलं, तो पेन्सिल घ्यायला आला होता. तो यादीत पाचवा होता. सर, आमचं काय चुकलं होतं? विचारलं त्याने. तुमचं नाही, माझं, म्हटलं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. मलाही नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज जान्हवी स्वतःच आली. रेवतीताईंनी तिला पेपर परत दाखवला, माझ्या लाल रेघेवर हिरव्या पेनाने सहापैकी सहा. मी म्हटलं, तुझं बरोबर होतं आणि मी न वाचता शून्य दिलं. वर्गाबाहेर उभं केलं तेही चूक. ती हो म्हणाली. नाही-नाही, असू दे, असं काही म्हणाली नाही. बरं वाटलं.

मग विचारलं, कर्ण बाहेर गेला तरी चालतं हे तुला कळलं कसं? मला अजून नीट समजत नाही.

तिने माझ्याकडे एकदा बघून घेतलं, खोटं बोलतोय का ते. मग दप्तरातून त्या पट्ट्या काढल्या. एका टोकाला टिचबटणाऐवजी आता गणपतीचा लाल दोरा बांधलाय, बटण परत बसलं नाही म्हणे. काउंटरवर ठेवल्या.

"सांग ना," मी म्हटलं.

"सांगून नाही कळत, सर. करून बघा. सोमवारी न्यायला येईन."

अजून सर म्हणते.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या घेऊन बसलो होतो. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलेल्या माणसाला दोनदा थांबवलं. कोपरा बाहेर, कोपरा आत. काउंटरवरचं सुतळीचं टोक घेऊन दोन टोकांमध्ये कर्ण म्हणून ताणलं. कोपरा आत ढकलताना सुतळी आतून बाहेर आली, आणि मी थांबलो. परत केलं.

आता न बघता लिहितो. सुतळी आत असो की बाहेर, लांब दोन पट्ट्यांचा आणि तिचा एक त्रिकोण होतो, आखूड दोन पट्ट्यांचा आणि तिचा दुसरा. कोपरा आत गेला की लहान त्रिकोण मोठ्याच्या पोटात दुमडतो, एवढाच फरक. पण सुतळी दोघांचीही तीच. रबराची एक बाजू एका त्रिकोणात तिच्या निम्मी, समोरची दुसऱ्या त्रिकोणात तिच्या निम्मी. दोघी तिच्याकडे बघून चालतात, म्हणून एकमेकींना समांतर. बहुतेक असंच आहे.

समोरच्या पांढऱ्या पानावर आकृती काढली. खाली 'निःसंशय' लिहायला हात गेला होता. नाही लिहिलं. सोमवारी तिला दाखवून विचारतो.